जावेच्या म्हशीचा रवंथ

माझी मुलगी मला मम्मी म्हणते आणि माझ्या थोरल्या जावेला आई. यात कुणाचा कट नव्हता, हे मला कळतं. जावेची दोन मुलं तिला आई म्हणायची, त्यांच्यात वाढलेली ही तिसरीही तेच म्हणायला लागली. मी नोकरीला जाणारी, सांगलीकडची, म्हणून घरातल्यांनीच तिला शिकवलं, "ती बघ तुझी मम्मी आली." लोक ऐकतात आणि हसतात. मीही हसते. पण अजूनही फोनवर ती "आईला दे की जरा" म्हणाली, की मी फोन घेऊन कुंपणाला वळसा घालून पलीकडच्या घरात जाते आणि जावेच्या हातात देते. मग त्यांचं बोलणं संपेपर्यंत तिथंच उभी राहते. काय बोलतात ते ऐकायला.

मला हेवा वाटतो. सरळच सांगते, कारण लपवून काही उपयोग नाही, माझं तोंडच सगळं सांगतं. आमच्या गल्लीत भजनाला जाणाऱ्या बायका आहेत, त्या म्हणतात मत्सर हा सहावा शत्रू. असेल. माझा तो घरातलाच माणूस आहे. सकाळी माझ्याबरोबर उठतो, चहा घेतो.

मी एसटीत कंडक्टर आहे, सातारा डेपोला. मुलगी झाली तेव्हा नवरा सैन्यात होता आणि मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. बाळंतपणाची रजा संपली तसं तिला जावेच्या मांडीवर ठेवून मी पहिली गाडी घेतली. त्यानंतर पहाटेची ड्युटी, मुक्कामी गाडी, जादा गाड्या, कधी सातारा-सांगली. सांगलीच्या गाडीवर असले की माहेरच्या गल्लीवरून जायची, हळदीचा वास खिडकीतून आत यायचा आणि मला वाटायचं, पोरीला इथं आईकडं ठेवली असती तर निदान ती आजीची झाली असती. आजीचा हेवा कुणी करत नाही.

माझ्या माहेरी जनावर म्हणजे बाजारपेठेत मोकाट फिरणारा वळू, बाकी काही नाही. शेण मी पहिल्यांदा हातात घेतलं ते लग्नानंतर, आणि शेवटचंही तेव्हाच. जाऊ मेढ्याच्या वरच्या डोंगरातली. तिचा जन्मच गोठ्यातला म्हणायचा. ती धार काढायला बसली की माझी पोरगी शेजारी पोत्यावर पडलेली असायची, म्हशीच्या तोंडाजवळ. म्हैस तिचं टाळकं चाटायची. मी एकदा ते पाहिलं आणि ओरडले, तर जाऊ म्हणाली, "चाटू दे गं. तिला काय ठावं कुनाचं वासरू हाय ते." सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मला गाडीची वेळ झाली होती.

त्याचा परिणाम असा, की पोरगी आता शिरवळच्या कॉलेजात जनावरांची डॉक्टर होतेय, शेवटचं वर्ष. गावात म्हणतात, थोरलीनं घडवली. बारावीला रोज पहाटे तिला साताऱ्याच्या क्लासला कोण सोडत होतं, हे कुणी विचारत नाही.

यंदाच्या यात्रेला ती येते म्हणाली होती. दोन महिन्यांत घरी फिरकली नव्हती. नवरा आता निवृत्त होऊन घरी असतो, त्याला मी गूळ आणायला पाठवलं, रजा टाकली आणि पोळ्यांना बसले. माझी पुरणपोळी माहेरची, काठापर्यंत पुरण गेलेली. एवढी एक गोष्ट जावेला जमत नाही. तिची पोळी मधे गरोदर आणि कडेला उपाशी असते. पोरीला माझीच आवडते, आणि हे तिनं सगळ्यांसमोर म्हटलेलं आहे. मी भरपूर केल्या. जाताना हॉस्टेलच्या मैत्रिणींनाही न्यायच्या म्हणून दुरडी भरून केल्या. तर दुपारी फोन आला, "मम्मी, माझी ओपीडीला ड्युटी लागली, सुट्टी नाही मिळाली."

मी फोन ठेवला आणि दुरडीवर फडकं टाकलं. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना नवऱ्यानं विचारलं, एवढ्या पोळ्यांचं काय करायचं. मी म्हणाले, न्या, ज्याला घालायच्या त्याला घाला. त्यानं दुरडी उचलून भावजयीकडं नेऊन दिली. तिच्याकडंही यात्रेच्या पाहुण्यांचं बरंच उरलं होतं; भाताचं पातेलं, मळलेली कणीक, कटाची आमटी. अन्न उकिरड्यावर जाऊ नये म्हणून तिनं ते सगळं एका घमेल्यात कालवलं आणि आपल्या म्हशीपुढं ठेवलं. आमच्या भागात यात्रेनंतर हे घरोघरी होतं. आपण गोड खाल्लं, आता मुक्या जिवाला घालावं, असा त्यात भाव असतो. म्हशीनं घमेलं चाटूनपुसून साफ केलं.

मला हे नंतर समजलं, आणि तेव्हा पहिला विचार म्हशीचा आला नाही. माझ्या लेकीसाठी केलेल्या पोळ्या हिनं हिच्या म्हशीला घातल्या, हा आला.

यात्रा होऊन दोन-चार दिवस झाले असतील. मी मेढा गाडीवर होते. सातारा स्टँडवर गाडी भरत आली होती आणि मी दारात उभी राहून पाठीमागं सरका म्हणत होते, तोच खांद्यावर सॅक आणि हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन माझी पोरगी चढली. गोणपाटातून जाडजूड रबरी नळीचं टोक बाहेर आलेलं. केस विस्कटलेले, पायात रबराचे बूट. एका बाईनं नाकाला पदर लावला.

"यात्रेला यायला सुट्टी नव्हती," मी म्हणाले.

"आता भांडून घेतली," ती म्हणाली. "म्हैस बसलीय, मम्मी."

"कुणाची?" मला माहीत होतं. आमची म्हैस सकाळी मी उभी बघून आले होते.

"आईची. सकाळी फोन आलेला. चारा सोडलाय, रवंथ बंद झालाय, आणि तुम्ही कुणी मला कळवलं नाही."

मी मशीनमधून तिकीट काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. दोन महिने मी फोनवर गळ घालत होते, तर ओपीडी. तिकडून एक फोन गेला, म्हैस बसली, तर खंबाटकीचा घाट ओलांडून बूट घालूनच आली. शेजारच्या सीटवरच्या म्हातारीनं विचारलं, "ल्येक व्हय तुमची?" मी म्हणाले, "हो. पण आमच्याकडं नाही निघालेली." पोरगी खिडकीबाहेर बघत हसली, तेव्हा मला जास्तच राग आला.

ती आमच्या फाट्यावर उतरली आणि पळतच गेली. मला पुढं मेढ्याला जाऊन परत साताऱ्याला गाडी लावायची होती. घरी यायला दिवेलागण झाली. अंगावरची खाकी तशीच ठेवून मी पलीकडच्या गोठ्यात गेले. बघायला गेले, खोटं कशाला बोलू. म्हशीला नाही, त्या दोघींना.

म्हैस मात्र खरंच वाईट दिसत होती. डोळे खोल गेलेले, नाकपुडी कोरडी, पोट एका बाजूला ढोलासारखं. जाऊ तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. सरकारी डॉक्टर येऊन गेले होते, त्यांनी सलाईन लावली होती, सोडा पाजला होता. त्यानं म्हशीच्या पोटातलं आंबट कमी झालं होतं, पण रवंथ काही सुरू होत नव्हता. पोरगी डॉक्टरांची नळी कानात घालून तिचं पोट ऐकत होती.

"काहीच हलत नाही," ती म्हणाली. "आतली वस्ती मेली."

"कसली वस्ती?" मी विचारलं.

मग तिनं सांगितलं. गुडघ्यावर बसून, म्हशीच्या कुशीवर हात ठेवून, आणि बोलताना बघत होती जावेकडं. म्हणाली, म्हशीला वैरण पचवता येत नाही. म्हैस नुसती चावते. पचवणारे वेगळेच असतात, डोळ्यांना न दिसणारे जीव, तिच्या कोटीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, कोट्यवधींनी राहतात. म्हैस त्यांना कडबा पुरवते, ते त्याचं म्हशीला चालेल असं अन्न करतात. कितीतरी जातींचे असतात, एकाचं उरलेलं दुसरा खातो, आपल्या गल्लीसारखं. त्यांना कडब्याची सवय. एकदम घमेलंभर पोळ्या आणि भात येऊन पडला, की त्यातले आंबट करणारे माजतात आणि बाकीच्यांना मारतात. डॉक्टरांच्या सोड्यानं आंबट गेलं. पण मेलेले काही सोड्यानं परत येत नाहीत. आता पोटात वैरण घातली तरी पचवायला कुणी नाही.

"म्हंजी रवंथ द्याया पायजे," जाऊ म्हणाली. "आमच्याकडं वरती देत्यात. चांगल्या जनावराच्या तोंडातला घास हातानं काढायचा आन् आजारी जनावराच्या घशात सारायचा."

"तेच," पोरगी म्हणाली, आणि तिचा चेहरा असा काही उजळला, की मला तिथून निघून जावंसं वाटलं. "मी हातानं नाही घेणार, नळीनं पोटातलं पाणीच काढणार. त्यात जास्त असतात. पण चांगली म्हैस पाहिजे. जिनं यात्रेचं काही खाल्लं नाही अशी."

इथं सगळे माझ्याकडं बघायला लागले. गावात म्हशी काही कमी नाहीत, पण उरलंसुरलं सगळ्यांनीच थोडंफार घातलेलं. आमच्या म्हशीला मी काहीच घातलं नव्हतं, कारण माझ्याकडचं सगळं थोरलीकडं गेलं होतं. आख्ख्या गल्लीत निव्वळ कडब्यावर असलेली तेवढी एकच.

आणि ही आमची म्हैस म्हणजे तरी कोण? त्याच बसलेल्या म्हशीची रेडी. वाटणी झाली तेव्हा जावेनं दिलेली. "दुधाला कुनाच्या दारात जाऊ नगासा," म्हणून स्वतः दावं धरून आणून बांधली होती. अजूनही तिला सोडली की ती आधी पलीकडच्या गोठ्याकडं वळते. माझ्या घरातलं कोण तिकडं वळत नाही, हाच प्रश्न आहे.

"घ्या की मग," मी म्हणाले. "विचारताय काय. म्हैस तुमचीच."

जावेनं मान वर केली. ती बोलायला लागली की आवाज असा असतो, जणू शेताच्या दुसऱ्या बांधावर कुणी उभं आहे. पण तेव्हा ती हळू बोलली. "तसं न्हाई चालत. रवंथ मनातनं द्यावा लागतो. देणारनीच्या मनात कायबी आसलं तर लागू व्हत न्हाई. इरजनासारखं हाय ते. तोंड वाकडं करून दिलेलं इरजन कवा लागलंय?"

आमच्याकडं खरंच असं मानतात. विरजण मागायला आलेल्या बाईला हसून द्यायचं, नाहीतर देऊच नये. माझ्या नवऱ्यानं घसा खाकरला आणि मोटार चालू आहे का बघतो म्हणून निघून गेला. फौजेत होता, कुठली आघाडी सोडायची हे त्याला चांगलं कळतं.

मी बघत होते म्हशीकडं. मला ती मरायला नको होती. पण जाऊ जे विचारत होती ते निराळंच होतं, आणि तिला ते आज, पोरीसमोर, माझ्या तोंडून हवं होतं.

"मनातनं नाही देत, आक्का," मी म्हणाले. "माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. ती यात्रेला माझ्यासाठी आली नाही आणि तुमच्या म्हशीसाठी आली. माझ्या पोटात दुखतंय. मी दुरडी भरून पोळ्या केल्या त्या हिच्या पोटात गेल्या, आणि आता हिच्यासाठी मी हसून द्यायचं? हसू येत नाही मला. म्हैस मरू नये आणि पोरगी रडू नये, म्हणून देते. एवढंच आहे."

"मंग ऱ्हाऊ दे," जाऊ म्हणाली.

"राहू द्या."

आणि आम्ही दोघी खरंच तशाच राहिलो. ती म्हशीचं डोकं मांडीवर घेऊन, मी खांबाला टेकून. तिला घ्यायचं नव्हतं, मला विनवायचं नव्हतं. म्हशीनं दात करकरा चावले. वेदना झाली की जनावर दात चावतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पोरगी उठली. तिला चिडलेली मी क्वचितच पाहिलीय. चिडली की ती अगदी माझ्यासारखी दिसते, ओठ पातळ होतात. "त्यांना मन कळत नाही," ती म्हणाली. "जंतू आहेत ते. त्यांना ऊब लागते आणि बाहेरची हवा चालत नाही. एवढंच लागतं त्यांना. आई, तू पाणी गरम ठेव. मम्मी, आपली किटली धुऊन आण, आणि पप्पांचं ते मिलिटरीचं घोंगडं आण. तुमचं भांडण म्हैस उठल्यावर करा."

तिनं आधी हाक मारली ती जावेला. मी ते मोजलंच. पण आपली किटली म्हणाली, तेही मोजलं.

आमच्या म्हशीला दावणीला आखडून बांधली. नवरा परत आला होता, त्यानं वेसण धरली. पोरीनं तिच्या तोंडात मधे भोक असलेला लाकडाचा ठोकळा आडवा दिला आणि त्यातून नळी आत सारली, हळूहळू, मधेच थांबून, फुंकर मारून, वास घेऊन. मला ते बघवेना आणि डोळेही काढता येईनात. माझ्या पोटची पोर, आणि तिचे हात मी पहिल्यांदा बघत होते. मग सॅकमधला हातपंप जोडून मारला तसं हिरवट तपकिरी पाणी किटलीत पडायला लागलं, त्यावर बुडबुडे. वास असा, की आंबलेला कडबा, ताक आणि डेपोतला संडास एकत्र. ती म्हणाली, "कसला मस्त वास आहे बघ मम्मी. निरोगी आहे एकदम."

माझी म्हैस निरोगी निघाली याचा मला अभिमान वाटला. जावेला ऐकू जावं म्हणून मी जरा मोठ्यानंच म्हणाले, "आमच्याकडं वैरण बघून घालतात."

किटली भरली तसं झाकण घट्ट लावलं, घोंगड्यात गुंडाळली आणि पोरीनं ती माझ्या हातात दिली. "पोटाशी धर. गार होऊ देऊ नको. पळ." आमच्या दोन घरांमधे वाटणीनंतर घातलेलं कुंपण आहे, त्याला दार नाही, रस्त्यावरून वळसा घालून जावं लागतं. खाकी साडीवर घोंगडं, घोंगड्यात किटली, अशी मी पळाले. ऊब अंगाला लागत होती. रस्त्यावर कुणीतरी विचारलं, काय नेताय वहिनी? मी म्हणाले, रवंथ. त्यानं पुढं विचारलं नाही.

जावेनं आतून धुतलेलं धोतर आणून ठेवलं होतं, त्यातून पोरीनं ते गाळलं आणि नळीनं म्हशीच्या पोटात सोडलं. जाऊ माझ्याकडं न बघता म्हणाली, "ऊन हाय अजून." मी म्हणाले, "मग. पळत आणलंय."

त्यानंतर नुसतं थांबायचं होतं. एका वेळेत भागेलच असं नाही, सकाळी परत द्यायचं, असं पोरगी म्हणाली. जेवायला ती थोरलीकडंच बसली, म्हैस सोडून येता येणार नाही म्हणाली. मी डबा भरून नेला. जावेनं भाकरी केलीच होती. दोन्हीकडचं ताटात घेऊन पोरगी जेवली, आणि मी बघत होते आधी काय संपतंय ते.

जेवताना मी तिला विचारलं, "आमच्या म्हशीच्या पोटात हे आले कुठून? जन्मताना तर पोट रिकामंच असेल."

"आईकडून," ती म्हणाली. "जन्मताना, मग चाटताना, मग तिच्या तोंडाजवळचं खाताना. आपल्या म्हशीच्या पोटातले मुळात हिच्याकडूनच आलेले असणार." आणि तिनं बसलेल्या म्हशीकडं बोट केलं. "म्हणजे आज आपण हिचंच हिला परत दिलं, म्हण ना."

बघा. मी पळत पळत पोटाशी धरून जे नेलं, तेही हिचंच निघालं. मला एवढी एक वस्तू देता आली होती, तीही उसनी.

माझ्या डोक्यात ते घुसलं ते घुसलं. मी विचारलं, "आणि माणसाचं?"

"माणसाचंही तसंच. आपल्याही पोटात असतात, कातडीवर असतात. पहिले आईकडून येतात, जन्मतानाच, वाटेत. सिझर असलं तर…" आणि ती थांबली. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला.

ती सिझरची. सांगलीच्या दवाखान्यात, माझ्या आईनं हट्ट करून मला तिकडं नेलं होतं म्हणून. तिला ते माहीत आहे.

"सिझर असलं तर काय?"

"सुरुवातीला आईकडचे कमी येतात. मग दुधातून येतात, आणि जे कोण अंगावर घेतं, पापे घेतं, भरवतं त्यांच्याकडून. काही वर्षांनी फारसा फरक राहत नाही, मम्मी."

फरक राहत नाही, हे तिनं माझ्यासाठी म्हटलं. मी मनात हिशोब करत होते. जन्माच्या वाटेवरचे गेले. दूध माझी रजा होती तोवर. भरवलं कुणी, अंगावर घेतलं कुणी, बोट चोखायला दिलं कुणी, टाळकं चाटलं ते कुणाच्या म्हशीनं. डॉक्टर होऊन माझ्या लेकीनं माझ्याच तोंडावर सांगितलं, की तिच्या पोटात जे राहतात ते पलीकडच्या घरचे आहेत. नावापुरती मी मम्मी होते, आता आतूनही तेवढीच. जाऊ चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती. ती हसली असती तर मी तिथंच भांडले असते. पण ती हसली नाही. ती लाकूड आत सारत राहिली.

सकाळी परत तेच केलं. नळी, किटली, घोंगडं, वळसा. मी रजा टाकली होती. डेपोत फोन करून सांगितलं, घरात आजारपण आहे. कोण आजारी विचारलं तर म्हणाले, जाऊ. म्हैस म्हटलं असतं तर रजा मिळाली नसती.

दिवस बराच वर आला तेव्हा पोरगी तिथंच ओसरीवर पोत्यावर झोपून गेली, बूट घालूनच. मी एका बाजूला, जाऊ एका बाजूला, मधे म्हैस. म्हशीच्या पोटात गुडगुड झाली. मग तिची मान जराशी ताणली गेली, गळ्यातून काहीतरी गोळा वर सरकताना दिसला, आणि तिचा खालचा जबडा एका बाजूला फिरला. परत फिरला. ती रवंथ करायला लागली.

जावेनं तोंडावर पदर धरला. मी पोरीला उठवायला निघाले तर तिनं माझा हात धरला. "निजू दे तिला. रातभर जागीच हाय."

आम्ही दोघी त्या जबड्याकडं बघत बसलो. मग ती म्हणाली, "मनातनं न दिलेलाबी लागतो म्हनायचा."

"लागला की."

"आगं, मला ठावं हाय मनात काय हाय ते. मला का ठावं नसंल?" तिचा आवाज परत बांधावरचा झाला होता, पण पोरगी उठेल म्हणून तिनं तो खाली ओढला. "तुला वाटतंय तू एकलीच जळतीस. मी हिला न्हाऊमाखू घालायची, भरवायची, मांडीवर घेऊन थोपटायची. डोळा लागाया आला की तुजी एश्टी फाट्यावर हारन वाजवायची. ड्रायव्हर मुद्दाम वाजवायचा, तू उतरनार म्हनून. त्यो हारन आयकला की ही मांडीवरनं सटकायची. माझ्याकडं वळूनबी बघायची न्हाई. रोज. मी भैरोबाला म्हनायची, आज गाडी बंद पाड."

मी विचारलं, "आणि पडायची?"

"पडायची की. तुमच्या एश्टीला देव कशाला लागतोय?" तिनं नाक पुसलं. "पर त्या दिशी ही जेवायची न्हाई. पायरीवर जाऊन बसायची, फाट्याकडं तोंड करून. मी उचलाया गेली तर मला नखं लावायची. हितं, दंडावर, रगत काढायची. आन् मंग मीच म्हनायची, देवा, चुकले बाबा, येऊ दे ती गाडी."

म्हशीचा जबडा चाललाच होता. ओसरीवर पोरीनं कूस बदलली. मला एवढं सुख झालं, की मला ते लपवतासुद्धा येईना.

"परत सांगा," मी म्हणाले.

"काय?"

"ते नखं लावायची ते."

तिनं कपाळाला हात लावला, आणि परत सांगितलं.